पाडायच्या आधी एकदा कौलं परता: संघाच्या जुन्या खत-बियाणं दुकानाबद्दल संचालक मंडळाला खुलं पत्र

मा. चेअरमन साहेब, सगळे संचालक आणि तालुक्यातल्या सभासद भावा-बहिणींनो,

स.न.वि.वि.

गेल्या सोमवारी काजूची बी घेऊन पेठेत आले होते, पिकअप रस्त्याच्या कडेला लावला आणि सवयीने मान वळली ती आपल्या सहकारी संघाच्या जुन्या दुकानाकडे, तर दाराच्या फळीवर कागद चिकटवलेला. इमारत जीर्ण व धोकादायक झाल्याने निर्लेखित, म्हणजे दप्तरातून बाद, करून त्या जागी व्यापारी संकुल बांधायचा प्रस्ताव, खाली सही, शिक्का आणि विशेष सभेची तारीख. मी तो कागद तीनदा वाचला. निर्लेखित हा शब्द आपण मोडक्या खुर्च्या, गंजलेली कपाटं यांच्यासाठी वापरतो, तो ह्या वास्तूला लावलेला बघून पोटात कालवाकालव झाली, बी गाडीतच ठेवून मी पाच मिनिटं पडवीच्या पायरीवर बसून राहिले.

पेठेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये. ज्यांच्यासाठी पत्र आहे त्यांना पहिल्या ओळीतच कळलं असेल, आणि बाकीच्यांनी आपापल्या पेठेतली वखार आठवावी, कोकणात प्रत्येक खाडीच्या तोंडाशी अशी एक तरी उभी आहे किंवा परवापर्यंत उभी होती.

मी कोण ते आधी सांगते. माझे बाबा ह्या दुकानात एकतीस वर्षं वजनकाट्यावर होते. त्यांच्या जागी आता माझं नाव सभासद म्हणून लागलंय. शाळा सुटली की मी थेट दुकानात यायचे, भुईमुगाच्या पेंडीच्या पोत्यावर बसून पाढे म्हणायचे, आणि सहा वाजले की फळ्या लावायला मदत करायचे. त्या फळ्या अजून आहेत. दुकानाला शटर नाही, बारा उभ्या फळ्यांचं दार आहे, वर आणि खाली खाच, एकेक फळी आत सरकवत न्यायची. फळ्यांची अदलाबदल झाली तर शेवटची बसत नाही म्हणून प्रत्येकीच्या डोक्यावर छिन्नीने खुणा केल्यात, पहिलीला एक रेघ, दुसरीला दोन, पाचवीला फुली, सहावीला फुली आणि एक रेघ. अक्षर न येणाऱ्या हमालालासुद्धा अंधारात बोटाने चाचपून नंबर कळायचा. आठवी फळी मधे कधीतरी बदललेली आहे, तिच्यावर ऑइल पेंटने आकडा घातलाय. ज्या फळीवर तुमची नोटीस आहे ती चौथी. तिच्या चार रेघा माझ्या बोटांना पाठ आहेत.

ही इमारत नक्की कधीची ह्यावरून पेठेच्या ग्रुपवर दर सहा महिन्यांनी वाद होतो. कोणीतरी पडलेल्या कौलाचा फोटो टाकतो, कौलाच्या पाठीवर बासेल मिशन आणि १८६५ असं उठवलेलं असतं, मग लगेच 'आपलं दुकान १८६५ चं' असं फिरायला लागतं. तसं नाही हो. १८६५ हे साल मंगळूरला जेप्पूमध्ये बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला त्याचं आहे, जर्मन मिशनरी होते ते, आणि पुढे कित्येक वर्षं ते कौलांवर तेच स्थापनेचं साल छापत राहिले. म्हणजे कौलावरून इमारतीचं वय १८६५ धरता येत नाही, पण एक दुसरी गोष्ट धरता येते. पहिल्या महायुद्धात जर्मन लोकांची मालमत्ता म्हणून इंग्रज सरकारने मिशनचे कारखाने ताब्यात घेतले आणि नंतर ते कॉमनवेल्थ ट्रस्ट नावाच्या कंपनीकडे गेले, त्यामुळे मिशनचं नाव असलेली आपली कौलं बहुतेक त्या युद्धाच्या आधीची. बहुतेक म्हणते कारण कौलं एका घरावरून दुसऱ्या घरावर जातात, आपल्याकडे कौल कोणी टाकून देत नाही. खाडीकडच्या उतारावर अशी कौलं सगळ्यात जास्त आहेत, रस्त्याकडच्या उतारावर पाच-सहा कारखान्यांची मिसळ आहे. गेल्या मे महिन्यात शिडी लावून बघितलंय मी.

आणि त्याच्याही आधी इथे मंगलोरी कौल नव्हतं. मागच्या पडवीचे वासे नीट बघा, ते सरळ कापलेले नाहीत, गोल आहेत आणि फार जवळ जवळ आहेत. असे वासे नळ्यांच्या छपराला लागतात, आपल्या कुंभाराच्या अर्धगोल नळ्यांना. मंगलोरी कौलाला रिपा लागतात, वासे लांब लांब असले तरी चालतं. म्हणजे मागचा भाग जुना, नळ्यांच्या काळातला, आणि रिपा नंतर त्याच वाशांवर ठोकल्यात. आमच्या वाडीतल्या सुतारकाकांना मी नेलं होतं, त्यांनी नखाने ओरबाडून, वास घेऊन सांगितलं की वासे किंजळीचे, खांब ऐनाचे, दार फणसाचं. सगळी आपल्या डोंगरातली लाकडं.

मधलं दालन मात्र वेगळ्याच हाताचं आहे. तिथे एकही खांब नाही. वर लाकडी कैच्या आहेत, मधोमध उभा दांडा, त्याला दोन्ही बाजूंनी तिरके टेकू, आणि खाली आडव्या तुळईला लोखंडी पट्टीने आवळलेलं. ही इंग्रज इंजिनियरांची पद्धत, रेल्वे शेड, सरकारी गोदामं, बंगले ह्यांच्यासाठी त्यांनी आणलेली. आपल्या कोणा व्यापाऱ्याने मुंबईला तसं छप्पर बघितलं असेल आणि गावच्या सुताराकडून करून घेतलं असेल, कारण सांधे गावठी पद्धतीने खुंट्या मारून बसवलेत. खांब नसल्यामुळे पोत्यांच्या थप्प्या सरळ लागतात आणि हमाल पाठीवर पोतं घेऊन कुठेही न अडखळता फिरतो. म्हणजे मागची पडवी एका पिढीची आणि मधलं दालन पुढच्या पिढीचं, आणि दोन्ही एका आढ्याखाली नांदतायत.

आता जोत्याकडे या. कमरेएवढं उंच जोतं आहे, सगळं जांभ्याच्या चिऱ्यात. लहानपणी मला वाटायचं की पुराच्या भीतीने एवढं उंच केलं असेल, ते आहेच, पण बाबांनी एकदा दाखवलं होतं. बैलगाडी उलटी आणून ओट्याला टेकवली की गाडीची फळी आणि ओटा एका पातळीत येतात. पोतं उचलायचं नाही, सरकवायचं. ओट्याची कड मधे खोलगट झालीय ती त्या सरकवण्याने. नंतर ट्रक आले तेव्हा त्यांचा हौदा उंच पडायला लागला, म्हणून दाराशी ती लाकडी घडवंची आली. रस्त्याची सोय अशी, तर मागे खाडीकडे उतरणाऱ्या नऊ पायऱ्या, त्यातल्या खालच्या चार आता गाळात आहेत. माल आधी मागून यायचा, गलबतातून, पडावातून, भरती बघून. मीठ, मासळीचं खत, मंगलोरी कौलंसुद्धा खाडीनेच आली. पुढचं दार त्या काळी मागचं दार होतं. खाडी गाळाने भरली, मोठी गलबतं आत येईनाशी झाली, रस्ता झाला, आणि इमारतीने तोंड फिरवलं. मग हायवे, मग १९९८ मध्ये पूर्ण झालेली कोकण रेल्वे. ते सगळं ह्या एका घराच्या दोन दारांत बघता येतं.

जांभ्याबद्दल दोन शब्द, कारण नोटिशीत भिंती निकृष्ट असं म्हटलंय. फ्रान्सिस बुकानन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने मलबारात हा दगड बघितला आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला लॅटेराइट म्हटलं, लॅटिनमध्ये वीट ह्या शब्दावरून, कारण खाणीत मऊ असताना तो विटेसारखा कापता येतो आणि हवा लागली की कडक होतो. आपल्या आज्या-पणज्यांना हे सांगायला कोणी डॉक्टर लागला नव्हता. आताचे चिरे मशीनवर कापलेले, गुळगुळीत, सगळे एका मापाचे. दुकानाच्या जोत्यावर हात फिरवा, हत्याराचे तिरके घाव लागतात, प्रत्येक चिऱ्यावर वेगळ्या कलाचे, एक माणूस डावखुरा असणार कारण त्याच्या चिऱ्यांवरचे घाव उलटे आहेत. भिंत दीड फुटाहून जाड आहे आणि चिऱ्यांमधले सांधे भरलेत ते शिंपल्यांच्या चुन्याने, फोडले तर आत शिंपल्याचे पांढरे कण अजून दिसतात.

मग भिंत खराब का झाली? झालीय हे मी नाकारत नाही. उत्तरेच्या भिंतीला खालून तीन फूट पापुद्रे सुटलेत, हात लावला की लाल भुकटी पडते, पांढरा लोणा, म्हणजे खार, फुललाय. पण ती भिंत कधी खराब झाली ते मला माहितीय कारण मी बघितलंय. त्या भिंतीला लागून युरियाच्या आणि मिश्रखताच्या थप्प्या लावल्या जायच्या. बाबा ओरडायचे, भिंतीपासून दोन हात सोडा, खाली फळ्या घाला. बाबा रिटायर झाल्यावर ते कोणी बघेना. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, हवेत चार महिने नुसतं पाणी, युरिया ते पाणी ओढून घेतो, पोतं पाझरतं, तो खार भिंतीत जातो. आणि त्याच्यावर कळस म्हणून ओल दिसायला नको ह्यासाठी आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला गेला. झालं, आतली ओल आतच कोंडली, खार वाळताना चिरा फोडत राहिला. मी एका म्हाताऱ्या गवंड्याला ती भिंत दाखवली, त्याने गिलाव्यावर टकटक केलं, पोकळ आवाज आला, आणि तो म्हणाला, "चिरो श्वास घेता गो बाय, शिमिट घेना नाय. ह्यां काडून टाक, दोन पावसाळे तशीच सुकांदे, मगे चुन्यान लिप." म्हणजे रोग भिंतीचा नाही, आपण केलेल्या उपचाराचा आहे, आणि त्याला उतारा आहे. जिथे सिमेंट लागलं नाही त्या पश्चिमेच्या भिंतीकडे बघा. समुद्राकडून झोडपणारा पाऊस सगळा तिच्यावर येतो, पण बाबांच्या वेळी दर मे महिन्यात तिला चुडतांची, म्हणजे माडाच्या झावळ्यांची, झडी बांधली जायची, आणि ती भिंत आजही खणखणीत आहे.

तौक्ते वादळात, मे २०२१ मध्ये, शेजारच्या नव्या शेडचे पत्रे उडून आंब्याच्या झाडात जाऊन अडकले. दुकानाची कौलं गेली शे-दीडशे. कौल एकेक सुटतं आणि एकेक बसवता येतं. ती तेव्हाच बसवली असती तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं. त्या जागी निळी ताडपत्री घातली ती अजून तीच आहे, आता नुसत्या चिंध्या राहिल्यात, आणि तिच्या खालची तुळई भिजतेय. हे मी माझ्या संघाबद्दलच लिहितेय, मला लिहिताना बरं वाटत नाही. पण दर वर्षी शाकारणीचा, म्हणजे कौलं परतून छप्पर नीट करायचा, खर्च टाळायचा आणि पाचव्या वर्षी इमारत धोकादायक झाली म्हणायचं, हा न्याय नव्हे.

ह्या दुकानात काय काय विकलं गेलं हे नव्या सभासदांना माहीत नसेल म्हणून थोडं लिहिते. अगदी आधी पेंड, सुकी तारली मासळी माडा-पोफळींना घालायला, नांगराचे फाळ, कोयते, पारया, घोंगड्या. माळ्यावर भाताच्या बियाण्याच्या मुड्या, पेंढ्यात करकचून बांधलेल्या. माळ्याची जमीन सलग फळ्यांची नाही, पट्ट्यांची आहे, मधे बोटभर फट, खालची गरम हवा वर जाऊन वळचणीच्या झरोक्यातून बाहेर पडते, म्हणून बी पावसाळ्यातही सादळत नसे. मग १९५१ मध्ये सिंद्रीचा खत कारखाना सुरू झाला आणि अमोनियम सल्फेट यायला लागलं, बाबा सांगायचे की सुरुवातीला लोक साखरेसारखं पांढरं खत बघून हातात घ्यायला घाबरायचे, जमीन जळेल म्हणायचे. १९६२ ला किलोचं वजन सक्तीचं झालं तेव्हा बाबा नुकतेच लागले होते, एकेका म्हातारीला शेर आणि किलोचा हिशोब समजावता समजावता त्यांची जीभ दुखायची, म्हणून त्यांनी आतल्या भिंतीवर कोळशाने कोष्टक लिहिलं होतं, शेराचे किलो, मणाचे किलो. चुन्याच्या दोन हातांखाली ते अजून अंधुक दिसतं, उजव्या खिडकीशेजारी, संध्याकाळी तिरकं ऊन आत आलं की. मग भाताची नवी वाणं, तायचुंग आलं, आयआर-८ आलं, जया आलं. १९७२ ला दापोलीला विद्यापीठ झालं आणि मग रत्नागिरीच्या भाताच्या जाती, वेंगुर्ल्याच्या काजूच्या जाती ह्यांची नावं फळ्यावर दिसायला लागली. १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली तेव्हा तर दुकानाच्या पडवीत कलमांच्या पिशव्यांमुळे पाय ठेवायला जागा नसायची. आज आपल्या डोंगरांवर जी काजूची आणि हापूसची झाडं दिसतात त्यातली निम्मी ह्या ओट्यावरून उतरली असतील, असं मला वाटतं.

आणि मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. पावसाच्या तोंडावर सुपारीला कोळेरोग लागू नये म्हणून बोर्डो मिश्रण मारतात, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. लोक मोरचूद आणि चुना घेऊन जायचे आणि घरी जाऊन चुकायचे, लोखंडी घमेल्यात कालवायचे, चुना जुना असायचा, मग पानं जळली की भांडायला परत यायचे. म्हणून बाबांनी मागच्या पडवीत खाडीकडच्या पायरीवर ते करून दाखवायला सुरुवात केली. मातीच्या भांड्यात मोरचूद वेगळा विरघळवायचा, चुना वेगळा, मग दोन्ही एकत्र ओतत ढवळायचं, आभाळासारखा निळा रंग यायचा. मग ते कमरेच्या आकडीतली कोयती काढायचे, घासून लख्ख केलेलं पातं त्या पाण्यात बुडवायचे आणि मनात साठपर्यंत मोजायचे. बाहेर काढल्यावर पात्यावर तांबूस थर दिसला तर चुना कमी पडलाय, अजून घाला. पातं जसंच्या तसं राहिलं तर औषध तयार. भोवती दहा-बारा माणसं उकिडवी बसलेली असायची आणि सगळ्यांच्या नजरा त्या पात्यावर. पायरीच्या खडबडीत चिऱ्यात तो निळसर डाग अजून आहे, पडवीच्या आत असल्यामुळे पावसाने धुतला गेला नाही. मी परवा बसले होते ती हीच पायरी.

आता जे काही जण म्हणतात की ते विषाचं गोदाम आहे, पाडलेलंच बरं, त्यांना उत्तर द्यायला हवं, कारण त्यांचं म्हणणं खोटं नाही. गॅमेक्सिन ह्या कीटकनाशकाची पावडर इथे पोत्यांनी विकली गेली, एंड्रिन विकलं गेलं, एंडोसल्फान विकलं गेलं. एंड्रिनवर नंतर बंदी आली, गॅमेक्सिन म्हणजे बीएचसीवर १९९७ ला आली आणि एंडोसल्फान २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने थांबवलं, तोपर्यंत केरळातल्या कासरगोडच्या काजूबागांच्या आजूबाजूच्या लोकांनी फार भोगलं होतं. दुकानाच्या डाव्या अंगाला जी छोटी वेगळी खोली आहे, बाहेरून दार असलेली, ती ह्याच इतिहासाची आहे. १९६८ ला कीटकनाशक कायदा झाला, १९७१ ला त्याचे नियम आले, औषधं बाकी मालापासून वेगळ्या खोलीत ठेवायची असं त्यात आलं, तोपर्यंत बियाणं, पेंड आणि औषध एकाच छताखाली शेजारी शेजारी असायचं. त्या खोलीची जमीन आणि खालची माती तपासून घ्या, लागली तर खरवडून नियमाप्रमाणे विल्हेवाट लावा, मी स्वतः ह्या मागणीच्या बाजूने आहे. पण जेसीबी लावून सगळी इमारत एका दिवसात पाडली तर ती धूळ कुठे जाईल? शेजारी अंगणवाडी आहे, मागे खाडीत बायका कालवं काढतात. हे विष असेल तर पाडताना जास्त धोका आहे, निगुतीने साफ करण्यात कमी.

दुसरा मुद्दा असा मांडला जातो की आता गोदामाची गरजच राहिली नाही. खताच्या विक्रीला अंगठ्याचं मशीन आलं, युरियाचं पोतं २०१८ ला पन्नास किलोवरून पंचेचाळीसचं झालं, २०२१ पासून अर्ध्या लिटरच्या बाटलीत नॅनो युरिया मिळतो. बरोबर आहे. पण काजू बी ठेवायला आपल्याकडे जागा आहे का? दर मार्च-एप्रिलला भाव पाडून मागितला जातो आणि आपण देतो, कारण घरात ठेवली तर ओल लागते, बुरशी धरते. मी, माझ्यासारखे शंभर सभासद, मिळेल त्या भावाला विकून मोकळे होतो. उंच जोतं, जाड भिंत, वाहता माळा, खाली फळ्या, समोर गाडी लागायला ओटा, अशी तयार जागा संघाच्या मालकीची असताना आपण ती पाडून तिथे मोबाइलची आणि कपड्यांची दुकानं काढणार? पेठेत आधीच किती गाळ्यांवर भाड्याने देणे आहे असं लिहिलंय ते एकदा चालत जाऊन मोजा.

११ जुलै २०२५ ला मराठ्यांचे किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात आपले सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, तेव्हा संघाच्या ऑफिसात पेढे वाटले गेले, मलाही मिळाला होता, आनंदाने खाल्ला. किल्ले राजांचे. हे दुकान भात लावणाऱ्यांचं आणि माडावर चढणाऱ्यांचं आहे, त्यांच्या इतिहासाची दुसरी इमारत आपल्या तालुक्यात दाखवा मला. आणि यादीत नाव गेलं म्हणजे इमारत वाचली असंही मी समजत नाही. वेंगुर्ल्याला डच वखार आहे, सतराव्या शतकातली, संरक्षित म्हणून पाटी आहे, जाऊन बघा काय अवस्था आहे. छप्पर गेलं, मग पावसाने भिंती खाल्ल्या, झाडांनी मुळं घातली. आपल्या इथल्या घराला पाटी वाचवत नाही, शाकारणी वाचवते.

आता माझं मागणं. विशेष सभेत निर्लेखनाचा ठराव मांडू नका, तो पुढे ढकला. सहकार कायद्याच्या कलम ७२ प्रमाणे संस्थेत शेवटचा अधिकार सर्वसाधारण सभेचा आहे, पण सभा पावसाच्या तोंडावर, भर आंब्याच्या हंगामात ठेवली तर कोण येणार, सगळे बागेत असतात. सप्टेंबरच्या वार्षिक सभेत घ्या, तेव्हा लावण्या आटपून माणसं मोकळी असतात. तोपर्यंत इमारतीची तपासणी चुना आणि जांभा समजणाऱ्या माणसाकडून करून घ्या. सिमेंट-सळीचं काम करणारा इंजिनियर आला तर तो धोकादायकच म्हणणार, त्याच्या कोष्टकात ही भिंत बसतच नाही. इंटॅक नावाची संस्था १९८४ पासून जुन्या वास्तू जपायचंच काम करते, त्यांना पत्र टाकायला किती वेळ लागतो. जवळच्या आर्किटेक्चर कॉलेजच्या मुलांना बोलवा, ती मापं घेतील, नकाशे काढतील, राहायची-जेवायची सोय आम्ही बायका करू. आणि ती जुनी कपाटं उघडा. त्यात खरेदीखत आहे, आवकजावक वह्या आहेत, कोणत्या वर्षी कोणत्या गावात कुठलं भात किती गेलं ह्याचे हिशोब आहेत, वाळवी लागायच्या आत ते बाहेर काढा. कलम ३२ खाली सभासदाला ठराविक दप्तर बघता येतं, माझा अर्ज ह्या पत्रासोबत देतेय.

पैशाचं म्हणाल तर नव्या संकुलाचं अंदाजपत्रक तुम्ही तयार ठेवलंय, दुरुस्तीचं कोणी मागितलंच नाही. दोन्ही शेजारी शेजारी ठेवा. दुरुस्ती महाग निघाली तर सभेत सगळ्यांसमोर सांगा, मी ऐकून घेईन, पण आकडे बघून.

आणखी एक, हे मात्र सप्टेंबरपर्यंत थांबणार नाही. मृग ७ जूनला. त्याच्या आत ती ताडपत्री काढून तिथे कौलं बसायला हवीत, नाहीतर भिजलेली ती तुळई ह्या पावसाळ्यात तुटेल आणि मग सभेत चर्चा करायला काही उरणारच नाही. आमच्या जुन्या गोठ्यावरची तीनशे मंगलोरी कौलं मी उतरवून ठेवलीयत, कोने, म्हणजे आढ्यावरची कौलं, पण आहेत बावीस, गोठ्यावर गेल्या वर्षी पत्रा घातला. ती मी संघाला देते, पैसे नकोत. सुतारकाका दोन दिवस यायला तयार आहेत, शिडी आणि दोर त्यांचे. वायव्येच्या कोपऱ्यात पिंपळाचं रोप आलंय तेही ते मुळासकट अलगद काढून देतील, मी देवळाच्या आवारात लावेन. चढायला चार तरुण हवेत, ते तुमच्या घरातलेच पाठवा.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी कौलं पिकअपमध्ये भरून दुकानाच्या ओट्याला गाडी उलटी लावून उभी असेन. चेअरमन साहेब, तुम्ही लहानपणी तुमच्या आबांबरोबर यायचात तेव्हा बाबा तुम्हाला काट्यावर उभं करून वजन सांगायचे, तुम्हाला आठवत असेल. तो लोखंडी काटा अजून आत आहे. फळ्या उघडायला चावी लागेल, तेवढी शनिवारी संध्याकाळपर्यंत शिपायाकडे देऊन ठेवा.

आपली,
काटेवाल्यांची मुलगी, संघाची सभासद